‘सर, मी खरे बोललो, मग हरलो कसा?’

आमच्या तालुक्याच्या ठिकाणी दरवर्षी हिवाळ्यात आंतरशालेय वादविवाद स्पर्धा भरते. या खेपेला आमच्या वस्तीतली दोन मुले त्यांच्या शाळेकडून उतरली होती. मुलगी नववीत, मुलगा दहावीत. नाव शाळेचे असले तरी तयारी विहारातल्या अभ्यासिकेत झाली होती आणि ती माझ्याकडे होती. पहिल्या दोन फेऱ्या मुलांनी सहज जिंकल्या. उपांत्य फेरीचा विषय निघाला, ‘आरक्षण जातीच्या नव्हे, आर्थिक निकषावर असावे’. बाजू चिठ्ठी उचलून ठरते. आमच्या मुलांच्या चिठ्ठीत ‘विषयाच्या विरोधात’ असे आले. म्हणजे मनासारखीच बाजू! वस्तीतून आलेले दहा-पंधरा जण मागच्या बाकांवर बसले होते, तिथे आनंदीआनंद झाला. आता फेरी आपलीच, असे मलाही वाटले.

प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटे आणि शेवटी प्रत्येक संघाला खंडनासाठी दोन मिनिटे, असा नियम होता. आमची मुलगी नीट बोलली. आरक्षण हा गरिबी हटवण्याचा कार्यक्रम नाही, ज्यांना हजारो वर्षे सत्तेच्या, शिक्षणाच्या आणि प्रशासनाच्या दाराबाहेर ठेवले त्यांना प्रतिनिधित्व देण्याची ती व्यवस्था आहे, हे तिने स्वच्छ सांगितले. मुलाने मंडल खटल्याचा १९९२ चा निकाल सांगितला आणि निव्वळ आर्थिक निकषावरचे दहा टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले होते, हे ठासून मांडले.

मग समोरची एक मुलगी उठली. आवाज शांत. तिने दोनच मुद्दे घेतले. एक, खुद्द बाबासाहेबांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी ठेवले होते, मग ते अजून का चालू आहे? दोन, आर्थिक निकष २०१९ पासून संविधानात आला आहे आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आहे, तर माझे मित्र १९९२ वरच का थांबले आहेत?

खंडनासाठी आमचा मुलगा उठला. चेहरा लाल झालेला. ‘बाबासाहेबांचे नाव घेण्याची तुमची लायकी नाही’ अशी त्याने सुरुवात केली. पुढची दोन मिनिटे तो अन्यायावर बोलला, गावकुसावर बोलला, आजोबांनी ओढलेल्या मेलेल्या ढोरांवर बोलला. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या, घोषणाही झाली. घंटा वाजली. दहा वर्षांच्या मुद्द्याला उत्तर नाही, २०१९ ला उत्तर नाही. निकाल समोरच्या संघाच्या बाजूने लागला.

बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर आमच्या मंडळींची चर्चा सुरू झाली. परीक्षक त्यांचेच. निकाल आधीच ठरलेला. आपल्या पोरांना कधी वर येऊ देतात का हे लोक? मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. तिची आई कामावरची अर्धी पाळी टाकून आली होती. तिने डबा उघडून मुलीच्या हातात पोळीचा घास दिला आणि मला म्हणाली, ‘गुरुजी, तुम्ही सांगा तिला काहीतरी.’ मुलगा पायरीवर बसला होता. त्याने मान वर केली आणि विचारले, ‘सर, मी खरे बोललो ना? मग हरलो कसा?’

वाचकहो, या प्रश्नावर मी त्या दिवसापासून विचार करतो आहे. हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही, आपल्या चळवळीचाही आहे. आपली बाजू खरी आहे याबद्दल आपल्याला तिळमात्र शंका नसते. तरीही आपण कितीतरी फेऱ्या हरतो. त्या का हरतो?

सर्वांत सोपे उत्तर परीक्षकांच्या माथी मारण्याचे. माझ्या तोंडावरही ते आले होते. मी खोटे बोलणार नाही, पक्षपाती परीक्षक असतात. आडनाव ऐकून ज्यांची पेन्सिल हलते अशी माणसे मी आयुष्यात पाहिली आहेत. परंतु त्या दिवशी मी गुणपत्रक मागून पाहिले. भाषा, सादरीकरण आणि विषयमांडणी या रकान्यांत आमच्या मुलांना समोरच्यांइतकेच, एका ठिकाणी जास्तच गुण होते. गेले ते खंडनाच्या रकान्यात. आणि खंडन आमच्या मुलाने केलेच नव्हते. मग त्या परीक्षकांना जातीयवादी कोणत्या तोंडाने म्हणायचे? जिथे खरोखर अन्याय होतो तिथे आपले बोलणे लोकांनी ऐकावे असे वाटत असेल, तर अन्याय झाला नसताना तो शब्द वापरू नये. आणि दुसरे असे की, हरलेल्या मुलाला ‘परीक्षकच वाईट होते’ एवढेच सांगून घरी पाठवले, तर तो पुढच्या वेळी पुन्हा तसाच हरतो. त्याच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून मी आधी सगळ्यांना चहा घ्यायला लावला. फेरी संपल्यावर पहिली दहा मिनिटे मुलांना उपदेश करू नये. त्या वेळी त्यांच्या कानात काही शिरत नसते. मुलीला तिच्या आईजवळ बसू दिले. मग मुलाच्या शेजारी पायरीवर बसलो आणि त्याला एवढेच विचारले, ‘ती मुलगी नेमके काय म्हणाली, ते मला सांग बरे. तुझे मत नको, तिचे म्हणणे सांग.’

त्याला ते सांगता येईना. ‘ती आरक्षणाच्या विरुद्ध बोलली,’ एवढेच तो म्हणाला. मी म्हणालो, ‘ती उठायच्या आधीच ते आपल्याला ठाऊक होते. चिठ्ठीत तिची बाजू लिहिलेली होती. ती काय म्हणाली?’ तो गप्प झाला. ती बोलत असताना तो ऐकत नव्हता. आपण काय बोलायचे याची मनात जुळवाजुळव करत होता, आणि बाबासाहेबांचे नाव कानावर पडल्यावर तर तेही सुटले.

हरलेल्या संघाला द्यायचा माझा पहिला सल्ला हाच आहे. समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतक्या चांगल्या रीतीने आधी मांडून दाखवा. मग त्याला उत्तर द्या. हे कोणत्याही वक्तृत्वाच्या पुस्तकातून घ्यायची गरज नाही. बाबासाहेबांनी ते करून ठेवले आहे. १९४० मध्ये त्यांनी पाकिस्तानच्या मागणीवर ग्रंथ लिहिला. त्याची रचना पाहा. पहिल्या भागात पाकिस्तान हवे म्हणणाऱ्या मुसलमानांची बाजू, दुसऱ्या भागात पाकिस्तान नको म्हणणाऱ्या हिंदूंची बाजू, आणि पाकिस्तान नको तर दुसरे काय, याचा विचार त्यानंतर. दोन्ही बाजू इतक्या चोख मांडल्या की १९४४ साली गांधी आणि जिना वाटाघाटींना बसले तेव्हा एकमेकांशी न पटणाऱ्या त्या दोघांनीही या ग्रंथाचा आधार म्हणून उल्लेख केला. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ते नमूद केले आहे.

‘जातिसंस्थेचे उच्चाटन’चे उदाहरण तर आपल्या घराघरांतले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ साली भाषणाला बोलावले आणि मजकूर पाहून माघार घेतली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केले? गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर छापले. विरोधकाचे म्हणणे लपवून ठेवणाऱ्याला आपल्या उत्तराची खात्री नसते. बाबासाहेबांना ती होती.

मुलाला हे सांगितल्यावर त्याने पुढचा प्रश्न विचारला, ‘मग सर, दहा वर्षांचे ते खरे होते का?’

इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. त्या मुलाने पाठ केलेले भाषण त्याने लिहिले नव्हते. ते मी लिहून दिले होते. मी ते कित्येक वर्षांपूर्वी एका जयंतीच्या कार्यक्रमासाठी लिहिले होते आणि तोच कागद थोडा साफसूफ करून मुलांच्या हातात ठेवला. त्यात मंडल खटला होता, कारण तो माझ्या उमेदीच्या काळातला. त्यात २०१९ नव्हते, कारण मी नंतर तो कागद उघडलाच नव्हता. टाळ्या मिळवणारी वाक्ये त्यात भरपूर होती. दहा वर्षांच्या अपप्रचाराला उत्तर मात्र नव्हते, कारण जयंतीच्या मंडपात तो प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे सगळे आपलेच असतात. त्या मुलाला मी कित्येक वर्षांपूर्वीची लाठी देऊन आजच्या लढाईत पाठवले होते. फेरी तो हरला, परंतु चूक माझी होती. हे मी त्याला त्या पायरीवरच सांगितले. मोठ्या माणसाने आपली चूक मुलांसमोर कबूल केली तर त्याचा मान कमी होत नाही, आणि मुलांनाही आपली चूक पाहायला धीर येतो.

आता त्या दहा वर्षांविषयी. हे आपल्या प्रत्येक घरातल्या मुलाला तोंडपाठ असले पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितो.

संविधानात आरक्षणाच्या वेगवेगळ्या तरतुदी आहेत. लोकसभा आणि विधानसभांतल्या राखीव जागांना मुदत घालणारे कलम ३३४ वे. मूळ संविधानात ती मुदत दहा वर्षांची होती. ती वेळोवेळी घटनादुरुस्ती करून वाढवली गेली. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातींसाठी ती २५ जानेवारी २०३० पर्यंत आहे. नोकरीतले आरक्षण कलम १६(४) मध्ये आहे. ते पहिल्या दिवसापासून संविधानात आहे आणि त्याला मुदत नाही. शिक्षणातले आरक्षण कलम १५(४) मध्ये आहे. ते १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले आणि त्यालाही मुदत नाही. म्हणजे ‘आरक्षण दहाच वर्षांसाठी होते’ हे विधान नोकरी आणि शिक्षणाच्या बाबतीत साफ चूक आहे. राजकीय राखीव जागांच्या बाबतीतही ती दहा वर्षे बाबासाहेबांची इच्छा म्हणून सांगणे बरोबर नाही. २५ ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा, अनुसूचित जातींसाठी यापेक्षा मोठी मुदत मागण्याची आपली स्वतःची तयारी होती, असे त्यांनी बोलून दाखवले होते. सभागृहाने दहा वर्षे ठरवली.

हे सगळे सांगायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून पाहिले आहे. दीड मिनिट. खंडनाला दोन मिनिटे होती. मुलाने संतापात घालवलेल्या वेळात हे सांगून अर्धे मिनिट उरले असते. त्या उरलेल्या अर्ध्या मिनिटात २०१९ चे उत्तर बसते. ते असे. आर्थिक निकष आला हे खरे. १०३ व्या घटनादुरुस्तीने तो आला आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो उचलून धरला. परंतु त्या आरक्षणातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधल्या गरिबांना वगळले आहे. म्हणजे जात पाहणार नाही म्हणणाऱ्या निकषानेही दारातच जात विचारली! विरोधी मत देणारे सरन्यायाधीश उदय लळित आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांचा आक्षेप नेमका या वगळण्यावर होता. समोरच्या मुलीचा सर्वांत बळकट मुद्दा उलटून आपल्या कामाला आला असता. पण त्यासाठी तो आधी ठाऊक असायला हवा होता.

आणखी एक अवघड गोष्ट मी मुलांना सांगितली. आपल्याला सोयीची नसलेली बाबासाहेबांची विधानेही आपल्याला माहीत पाहिजेत. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना, समान संधीचे तत्त्व टिकवायचे तर राखीव जागा एकूण जागांच्या अल्पभागापुरत्या असल्या पाहिजेत, असे त्यांनी म्हटले होते. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेच्या वादात हे भाषण समोरचा हटकून काढतो. आपण ते वाचलेले नसेल तर आपली बोबडी वळते, किंवा ‘बाबासाहेब असे म्हणालेच नाहीत’ असे आपण बेधडक सांगतो आणि खोटे पडतो. वाचलेले असेल तर त्याचा संदर्भ सांगता येतो आणि त्यावर वाद करता येतो. बाबासाहेबांच्या लेखनातली आपल्याला आवडणारी पानेच वाचणे याला अभ्यास म्हणता येत नाही.

मग त्या मुलाच्या संतापाचे काय? शेजारी बसलेले एक गृहस्थ त्याला म्हणाले, ‘बाळा, राग गिळायला शिक.’ मला ते पटले नाही. आपल्या मुलांना शांत राहा, संयम पाळा असे सांगणारे खूप आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना राग यावा असे काही आयुष्यात घडलेलेच नसते. आजोबांनी मेलेली ढोरे ओढली आणि नातवाला त्याचा संताप नाही, असे झाले तर चळवळ संपली असेच म्हणावे लागेल. संताप हवाच. तो कुठे खर्च करायचा, हा प्रश्न आहे.

मी त्याला महाडची गोष्ट पूर्ण सांगितली. आपण २० मार्च १९२७ सांगतो, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले इथवर सांगतो आणि थांबतो. पुढे दहा वर्षे काय झाले ते सांगत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी हजारो लोक महाडला जमले. पुन्हा तळ्यावर जायचे म्हणून ते पेटून आले होते. काही दिवस आधीच सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला होता. बाबासाहेबांनी त्या हजारो संतप्त लोकांची समजूत घातली, सत्याग्रह तहकूब केला आणि खटला लढवला. तळे सार्वजनिक नाही आणि अस्पृश्यांना बंदी हा अनादी काळापासूनचा रिवाज आहे, असा वादींचा दावा होता. आता या दाव्याला घोषणेने उत्तर देता येते का? बाबासाहेबांच्या बाजूने कागद काढले गेले, साक्षी झाल्या. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की असा अनादी रिवाज वादींना सिद्ध करता आलेला नाही. ओंजळभर पाण्यापासून त्या निकालापर्यंत दहा वर्षे लागली. या दहा वर्षांत बाबासाहेबांचा संताप कमी झाला होता काय? तो साक्षी-पुराव्यात उतरला होता. मी मुलाला म्हणालो, ‘तुझ्या आजोबांची गोष्ट फार मोलाची आहे. ती सांगच. पण प्रश्नाचे उत्तर देऊन झाल्यावर सांग. उत्तराच्या जागी सांगू नकोस. तसे केलेस तर ऐकणाऱ्याला वाटते, याच्याकडे उत्तर नाही म्हणून हा आजोबांना पुढे करतो. यात आजोबांचा मान राहत नाही.’

इतका वेळ गप्प असलेल्या मुलीने तेव्हा तोंड उघडले. ‘सर, पुढच्या वेळी चिठ्ठीत दुसरी बाजू आली तर? आरक्षणाच्या विरोधात मी कशी बोलू? मला नाही जमणार.’

हा प्रश्न सर्वांत अवघड होता. त्याचे उत्तर मी तिला तिथल्या तिथे दिले नाही. रविवारी विहारात दिले.

मज्झिम निकायात अस्सलायन सुत्त आहे. श्रावस्तीत जमलेल्या ब्राह्मणांना तथागतांशी वर्णाच्या श्रेष्ठत्वावर वाद घालायचा होता. त्यांनी पुढे केले कोणाला? सोळा वर्षांच्या एका मुलाला. अस्सलायन हे त्याचे नाव. तो वेदांत पारंगत होता, पण जायला तयार नव्हता. गौतम धर्माने बोलणारा आहे, त्याच्याशी वाद जिंकणे कठीण, हे तो वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता. वडीलधाऱ्यांनी ऐकले नाही. म्हणजे दुसऱ्यांनी ठरवलेली बाजू घेऊन उभे राहायची वेळ त्या मुलावर आली. आमच्या पोरीच्याच वयाचा तो, एक-दोन वर्षांनी मोठा. तथागतांनी त्याला काय केले? त्याची टिंगल केली नाही, लायकी काढली नाही. एकामागून एक प्रश्न विचारले. ब्राह्मण स्त्रियाही इतरांसारख्याच बाळंत होतात ना? यवन आणि कंबोज देशांत धनी आणि दास असे दोनच वर्ण आहेत आणि तिथे धन्याचा दास होतो, दासाचा धनी होतो, हे ऐकले आहेस ना? चंदनाच्या लाकडाने पेटवलेला अग्नी आणि कुत्र्याच्या द्रोणीच्या लाकडाने पेटवलेला अग्नी, दोन्हींचा उजेड सारखाच ना? मुलगा निरुत्तर होऊन खाली मान घालून बसला, तेव्हाही तथागतांनी त्याला तसेच सोडून दिले नाही, पुढे समजावून सांगितले. सुत्ताच्या अखेरीस तो उपासक झाला.

मुलीला मी म्हणालो, ‘सरावात दुसरी बाजू तू जरूर मांड. घरात, विहारात, आपल्या माणसांत. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या दोन्ही बाजू लिहिल्या, म्हणून त्या दोन्ही त्यांच्या झाल्या नाहीत. दुसरी बाजू मांडून पाहिल्याशिवाय तिची कच्ची जागा दिसत नाही. आरक्षणाची टक्केवारी किती, निकष कोणता, मुदत किती, हे धोरणाचे प्रश्न आहेत. त्यांवर दोन्हीकडून बोलायला घाबरू नकोस. पण कोणी उद्या असा विषय काढला की माणूस जन्माने उच्चनीच असतो की नाही, तर ती चिठ्ठी परत दे आणि का परत देते ते दोन वाक्यांत सांगून खाली बस. माणसाची प्रतिष्ठा चिठ्ठीवर टाकायची नसते. त्या फेरीचे गुण गेले तर जाऊ देत.’ शाळांनाही माझी विनंती आहे की विषय काढताना हा फरक ध्यानात घ्यावा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्याच अस्तित्वाविरुद्ध बोलायला लावणे याला स्पर्धा म्हणू नये.

राहिला हरण्याचा प्रश्न. बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. त्याला नाव दिले मिलिंद. परिसराचे नाव नागसेनवन. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा वाद प्रसिद्ध आहे. त्या वादात नागसेन जिंकले. महाविद्यालयाला मात्र नाव मिळाले प्रश्न विचारणाऱ्या आणि पटल्यावर मान्य करणाऱ्या मिलिंदाचे. त्याच ग्रंथात नागसेन राजाला विचारतात, तू पंडितासारखा वाद करणार की राजासारखा? पंडितांच्या वादात चूक दाखवली जाते, चूक मान्य केली जाते आणि त्यावरून कोणी रागावत नाही. राजाच्या वादात जो विरोध करतो त्याला दंड होतो. आज आपल्या सभांमध्ये, आपल्या गटातटांमध्ये वाद कोणत्या पद्धतीने होतात, हे वाचकांनीच ठरवावे. संविधान सभेतले अखेरचे मोठे भाषण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केले, तेव्हा त्यांनी सभागृहातल्या आपल्या टीकाकारांची नावे घेऊन त्यांचे ऋण मान्य केले. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू यांच्या सूचना त्यांनी स्वीकारल्या नव्हत्या. तरी या मंडळींमुळे संविधानातली तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी मिळाली, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मी आमच्या मुलाला म्हणालो, ‘त्या मुलीचे तूही आभार मान. तिने विचारले नसते तर तुला ३३४ वे कलम आणखी दहा वर्षे कळले नसते. आणि मलाही माझा जुना कागद फाडावासा वाटला नसता.’

तो कागद मी खरोखर फाडला. आता आमच्या अभ्यासिकेत कोणी कोणाला भाषण लिहून देत नाही. प्रत्येकाची एक वही आहे. डाव्या पानावर समोरचा काय म्हणेल ते लिहायचे, उजव्या पानावर त्याचे उत्तर आणि ते कुठे वाचले ते. ज्याचे डावे पान रिकामे, त्याला बोलायला उभे करत नाही. संविधानाची मराठी प्रत टेबलावर असते. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड विहारात होतेच. काचेच्या कपाटात होते आणि कपाटाला कुलूप होते. कुलूप काढले. पहिल्या खंडात ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ आहे, आठव्यात पाकिस्तानवरचा ग्रंथ, तेराव्यात संविधान सभेतली भाषणे. इंग्रजी मुलांना जड जाते. वस्तीतला एक पदवीधर मुलगा रविवारी परिच्छेद वाचून अर्थ सांगतो. त्यालाही त्यामुळे नव्याने वाचावे लागते.

समाजबांधवांना माझे एवढेच सांगणे आहे. जयंतीला आपण वर्गणी काढतो, मिरवणूक काढतो, ते आनंदाने करावे. परंतु त्या वर्गणीतले थोडे पैसे बाजूला काढून वर्षातून चार वेळा विहारात वादविवादाची फेरी घेता येणार नाही काय? त्यात समोरची बाजू मांडायला आपल्यातलाच एखादा वकील, एखादा प्राध्यापक उभा करावा. त्याने मुलांना अडचणीचे प्रश्न विचारावेत आणि त्यांना आपल्याच घरात हरू द्यावे. बाहेर हरण्यापेक्षा ते बरे. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत अध्यक्षांनी बाबासाहेबांचे नाव अनपेक्षितपणे, त्यांची पाळी यायच्या कितीतरी आधी पुकारले. हातात लिहिलेले भाषण नव्हते. समोर बहुमत काँग्रेसचे, म्हणजे तोवरच्या विरोधकांचे. तरी ते असे बोलले की विरोधकांनी कान देऊन ऐकले. ती तयारी आदल्या रात्रीच्या पाठांतराची नव्हती. ती अनेक वर्षांच्या वाचनाची होती.

गेल्या रविवारी आमच्या विहारात तोच विषय पुन्हा घेतला. या वेळी दहावीतल्या मुलाने आर्थिक निकषाची बाजू मांडली आणि मुलीने खंडन केले. तो इतके अडचणीचे प्रश्न काढू लागला की मागे बसलेल्या एका आजीला राहवले नाही. ‘अरे, तू आपला आहेस का त्यांचा?’ असे तिने विचारले आणि सगळे हसले. मुलगी मात्र हसली नाही. ती वहीचे उजवे पान उघडून ३३४ वे कलम सांगत होती. दोन जागी अडखळली. तिची आई दाराशी उभी राहून ऐकत होती. पुढची स्पर्धा दोन महिन्यांवर आहे. तिथे ती जिंकेल की नाही, मला ठाऊक नाही. प्रश्न आला तर तिच्याजवळ उत्तर असेल, एवढे मात्र नक्की.

जयभीम.